खजूर छाटणारा शनावा

शनावाला पहिल्यांदा आमच्या वॉर्डात आणलं तेव्हा त्याच्या पायांत चप्पल शिरत नव्हती. बायकोनं दोन्ही चपला काखेत धरल्या होत्या आणि तो भिंतीला हात लावत लावत अनवाणीच आला. तसा तो जन्मभर अनवाणी. बसऱ्याजवळच्या अबू अल-खसीबच्या बागांमध्ये चाळीस वर्षं खजुराच्या झाडांवर चढत आलेला माणूस, आणि झाडावर कोणी चप्पल घालून चढत नाही. पण त्या दिवशी पायांचे भोपळे झाले होते, डोळे सुजेत बुडाले होते, आणि श्वासाला तो वास होता. आम्हा नर्सना तो दारातूनच कळतो. लघवी बाहेर जायची थांबली की तिच्यातली घाण अंगात साठते, आणि मग श्वासालाही तिचाच दर्प येतो.

मी बसऱ्याचीच. डायलिसिसच्या वॉर्डात मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. नव्या माणसाला समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं, कारण डॉक्टरांना वेळ नसे.

"हज्जी, तुमच्या किडन्या थांबल्यात," मी म्हटलं.

"मी हज्जी नाही. अजून जायचंय मला हजला. शनावा म्हण. नाहीतर अबू फिर्याल, फिर्यालचा बाप."

"बरं, अबू फिर्याल. रक्तातली घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकायचं काम किडन्यांचं. तुमच्या आता ते करत नाहीत. म्हणून हे यंत्र करणार. शनिवारी आणि मंगळवारी, चार-चार तास."

"किती दिवस?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याला द्यायची चार-पाच गोड उत्तरं माझ्याकडे होती. पण त्या दिवशी सकाळपासून मी अकरा जणांना सुया टोचल्या होत्या आणि माझी पाठ भरून आली होती.

"कायम," मी म्हटलं.

मानेत घातलेल्या तात्पुरत्या नळीला मी यंत्र जोडलं. तो नळीतून आपलं रक्त जाताना बघत राहिला. मग म्हणाला, "खजुराला किडनी असते?"

"झाडांना कुठली किडनी? नको असलेलं ती जुन्या पानांत, सालीत, डिंकात नेऊन ठेवतात. असं शाळेत शिकले होते."

"शाळेत कशाला, मला विचारायचं. खालच्या झावळ्या आधी पिवळ्या पडतात, मग वाळतात. बाकीच्या झाडांची पानं गळून तरी जातात. खजूर वाळलेली झावळी सोडत नाही. वर्षानुवर्षं तशीच लोंबत ठेवतो. माणसानं वर चढून कापावी लागते. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? झाडांची घाण काढली."

"आणि स्वतःची तुंबवून बसलात!" काखेत चपला धरलेली बायको म्हणाली. तिचं नाव मला पुढे कधीतरी कळलं, पण आम्ही सगळे तिला उम्म फिर्याल, फिर्यालची आई, असंच म्हणत आलो. फिर्याल ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली.

बायको म्हणाली ते खोटं नव्हतं. एकदा झाडावर चढलं की लघवीला खाली उतरण्यात वेळ जातो म्हणून शनावा पाणीच पीत नसे. आमच्या उन्हाळ्यात, सकाळपासून दुपारपर्यंत, दोन घोटांवर. पाठ दुखली की वेदनेची गोळी, ती बहुतेक कोरडीच. दोनदा खडे झाले, ते पडून गेले, त्यानं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी हे सगळं लिहून घेतलं आणि मान हलवली. बसऱ्यात अशी मान आम्ही रोज हलवतो.

मग सुया टोचायला सोपं जावं म्हणून त्याच्या डाव्या हातात दोन रक्तवाहिन्या एकत्र जोडून घेतल्या, आणि चार नंबरची खुर्ची त्याची झाली.

डायलिसिसवरचा माणूस लोकांना वाटतो तसा सुयांना कंटाळत नाही. तो तहानेला कंटाळतो. आत गेलेलं पाणी बाहेर पडायची वाटच उरलेली नसते. दिवसाला अर्धा लिटर, त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्यांसोबतचा घोट. शनावाच्या घरी उम्म फिर्यालनं सगळे मोठे पेले कपाटात बंद केले आणि चहाचे इवलेसे पेले तेवढे बाहेर ठेवले. तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा. तरी शनिवारी वजनकाट्यावर उभा राहिला की तीन किलो जास्त.

"कुठून आलं हे?" मी विचारायची.

"हवेतून," तो म्हणायचा.

"हवेतून नाही, टरबुजातून!" बायको मागून सांगायची. "मी अंघोळीला गेले तेवढ्यात अर्धं टरबूज खाल्लं यांनी. सालसुद्धा ठेवली नाही पुराव्याला."

चार तासांनी सुया काढल्या की तो इतका गळून जायचा की खुर्चीवरून उठायला त्याला पंधरा मिनिटं लागत. तो दिवस तसाच जायचा. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटायचं. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा अंग जड व्हायला लागायचं. झाडावर चढणं तर पहिल्याच महिन्यात सुटलं होतं. त्याच्या स्वतःच्या बागेत साठेक झाडं होती, त्यांच्या वाळक्या झावळ्या खाली लोंबायला लागल्या. छाटणारा दुसरा माणूस मिळेना. तरुण पोरं तेल कंपन्यांच्या फाटकांवर पहारेकरी म्हणून लागली होती. कोण चढतो झाडावर?

एका शुक्रवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर शनावानं मला बाग दाखवली. कुंपणाशी एक अथलचं झाड होतं, झाऊच्या जातीतलं, बारीक सुतासारख्या पानांचं. त्यानं एक डहाळी बोटांतून ओढली आणि बोटं मला दाखवली. पांढरी भुकटी.

"मीठ," तो म्हणाला. "मुळातून खारं पाणी ओढतं आणि मीठ पानांतून बाहेर टाकून देतं. म्हणून याला खाऱ्या जमिनीत काही होत नाही. खजूर बरंच सोसतो, पण त्याला असं टाकता येत नाही. एका हद्दीपर्यंत सोसतो, मग बसतो."

बोटं त्यानं पुसली नाहीत. मी त्याच्याकडे बघतेय हे कळल्यावर मग सदऱ्याला पुसली. मीठही त्याला बंद होतं.

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. दुपारची वेळ, वार सोमवार, म्हणजे त्याचा दिवसच नाही. उम्म फिर्याल आणि फिर्याल त्याला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आल्या. पाय लटपटत होते, बोलणं जड झालं होतं. नाडी बघितली तर मिनिटाला छत्तीस.

"काय खाल्लं?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"उम्म फिर्याल, मला आत्ता कळलं पाहिजे. काय खाल्लं यांनी?"

"बरही खजूर," ती म्हणाली आणि रडायला लागली. "पिठाच्या डब्यात लपवले होते मी. पाहुण्यांसाठी. सिस्टर, डब्यात पीठ वर होतं!"

खजुरात पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं बाहेर काढते, आम्हाला कळतही नाही. शनावाच्या अंगातून ते जाणार कुठून? ते हृदयाला धरतं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, मी एका बाईला विनंती करून तिची खुर्ची रिकामी करून घेतली, आणि त्याला यंत्राला जोडलं. दोन तासांनी नाडी साठावर आली, तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"किती खाल्ले?" मी विचारलं.

"अकरा."

"मरायचं होतं का?"

"नाही गं." तो खरंच विचार करून बोलत होता. "शेजाऱ्याच्या झाडाचे होते. मीच लावलेलं झाड. कसे झालेत ते बघायला एक खाल्ला. चांगले झाले होते."

फिर्याल पायाशी उभी होती. तेव्हा सव्वीस वर्षांची होती, शिवणकामाच्या कारखान्यात जायची, बापासारखीच लांब हातांची आणि कमी बोलणारी.  पुढच्या आठवड्यात मला जिन्यात गाठून म्हणाली, "सिस्टर, किडनी द्यायची तर आधी कसली तपासणी करतात?"

रक्तगट जुळला. पुढची तपासणीही जुळली. उम्म फिर्यालला साखरेचा आजार, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता. फिर्यालनं कागद पिशवीत घालून आणले आणि एका मंगळवारी यंत्र चालू असताना बापाच्या मांडीवर ठेवले. मला वाटतं मुद्दामच, तेव्हा त्याला उठून जाता येत नाही म्हणून.

शनावाला वाचता येत नव्हतं. "काय आहे हे?"

"माझी एक किडनी तुम्हाला चालते, बाबा. डॉक्टर म्हणाले."

त्यानं कागद उचलले आणि माझ्याकडे दिले. "सिस्टर, हे हिला परत दे."

"बाबा..."

"तुझं लग्न व्हायचंय. पोरंबाळं व्हायचीत. एका किडनीवर तू काय करशील?"

"लोक जगतात एका किडनीवर."

"लोक जगू देत. तू दोनवर जग."

"आणि तुम्ही असेच इथे बसणार? आई तुमच्या मागे डबे लपवत फिरणार?"

"फिरेल. तिला सवय आहे."

"मला सवय बिवय काही नाही," उम्म फिर्याल म्हणाली, पण हळू आवाजात. तिला कुणाच्या बाजूनं बोलावं हेच कळत नव्हतं. तिला विचारलं असतं तर तिनं दोघांनाही घरी नेऊन दार लावून घेतलं असतं.

त्यानंतर फिर्याल वॉर्डात यायची थांबली. घरातही बापाशी बोलत नाही असं कळलं. ताट ठेवायची, गोळ्या ठेवायची, तोंडातून शब्द नाही. हे जवळजवळ एक वर्ष चाललं.

मग खारा उन्हाळा आला. वरून नदीला पाणीच कमी आलं, आणि समुद्राचं खारं पाणी नदीतून शहरापर्यंत चढलं. नळाच्या पाण्यानं तोंड धुतलं तर ओठ चुरचुरत. आमच्या वॉर्डाचं सगळं पाण्यावर चालतं. एका माणसाच्या एका वेळच्या डायलिसिसला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं, आणि तेही अगदी गाळून शुद्ध केलेलं. एवढं मीठ गाळता गाळता गाळणी यंत्रणा धापा टाकायला लागली. टँकरचं पाणी मागवलं, तेही पुरेना. शेवटी ठरलं की प्रत्येकाला चारऐवजी दोन तास.

ते लोकांना सांगायचं काम माझंच. एकानं माझ्या अंगावर चादर फेकली. एक बाई म्हणाली, "अर्धं जेवण चालतं सिस्टर, अर्धं रक्त कसं धुणार?"  घरी जाऊन मी पाय बादलीत टाकून बसायची आणि बादलीतलं पाणीही खारंच असायचं.

शनावा चादर फेकणाऱ्यांतला नव्हता. तो सुजत गेला. दोन तासांत जेवढं निघेल तेवढं निघायचं, उरलेलं घेऊन घरी जायचा. बागेतली झाडंही पिवळी पडत होती. खालच्या झावळ्या, मग त्यांच्या वरच्या. "सोसतायत," एवढंच म्हणायचा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, एका शनिवारी, यंत्र लावून वीस मिनिटं झाली असतील, त्याचा फोन वाजला. डाव्या हातात दोन सुया, म्हणून उजव्यानं त्यानं तो छातीवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"अबू फिर्याल!" बायकोचा आवाज सगळ्या वॉर्डात घुमला. "तुमची मुलगी झाडावर चढलीय!"

"कुठल्या झाडावर?"

"खजुराच्या! विहिरीजवळच्या! तुमचा दोर घेतला, कोयता घेतला, आणि मी शेजारी गेले होते तेवढ्यात चढली! दोन माणसांच्या उंचीवर आहे! तीन! रस्त्यावर लोक जमलेत!"

शनावा उठून बसला. यंत्र किंचाळायला लागलं.

"सिस्टर, सोड मला."

"सोडते. पण रक्त परत अंगात घ्यायला दहा मिनिटं, आणि तुम्हाला घरी पोचायला पाऊण तास. तोवर ती उतरलेली असेल."

"किंवा पडलेली."

मी त्याला खांद्याला धरून मागे टेकवलं आणि यंत्राचा आवाज बंद केला. तो घामानं भिजला होता. क्षणभर त्यानं डोळे मिटले. मग फोनकडे तोंड करून बोलायला लागला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. बागेत, चाळीस फुटांवरून खाली बोलायचा आवाज असावा.

"दोर कुठे आहे तिचा?"

"कंबरेला!"

"खाली घे म्हणावं. बसल्यासारखं. वजन दोरावर टाकायचं आणि मागे झुकायचं. झाडाला मिठी मारू नको म्हणावं. मिठी मारणारा पडतो."

पलीकडे उम्म फिर्याल ओरडली. लांबून, वरून, बारीक आवाज आला, "बाबांना सांग, मला माहितेय!"

"माहितेय म्हणते," बायकोनं निरोप दिला.

"माहीत असेल तर पाय ठेवायच्या आधी जुन्या झावळीचं थोट हलवून बघते का विचार. थोट कुजलेलं असतं. आणि झावळीच्या बुडाशी काटे आहेत, आधी ते काढ. मग झावळी."

"गप्प बसा म्हणते!"

पाच नंबरच्या खुर्चीवर शाळेची बस चालवणारा एक माणूस असायचा. तो म्हणाला, "अबू फिर्याल, बाई माणूस झाडावर, लोक काय म्हणतील?"

"तू चढतोस?" शनावानं विचारलं. "उद्या ये. दोर देतो."

बसवाला हसला आणि आपल्या नळ्यांकडे बघायला लागला.

पहिली झावळी पडली तेव्हा फोनमधून खरखर ऐकू आली. मग दुसरी. शनावा मोजत होता. मधेच म्हणाला, "हिरवीला हात लावू नको म्हणावं, फक्त वाळलेली." आणि मग नुसता ऐकत राहिला. दोन तास संपले, मी सुया काढल्या, तरी फोन छातीवरच. चौदा झावळ्या आणि एक झाड. शेवटी उम्म फिर्याल म्हणाली, "उतरली," आणि फोन बंद झाला.

मंगळवारी तो आला तेव्हा मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "दोन हिरव्या कापल्या तिनं."

"मग रागावलात?"

"रागवायलाच गेलो होतो. झाडाखाली बसली होती, हात सोलून निघालेले. मी म्हटलं, पडली असतीस तर? तर ही एका वर्षानंतर माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणते, 'पडले असते तर दोन्ही किडन्या वाया गेल्या असत्या, बाबा. एक आधीच घेतली असती तुम्ही तर निदान ती वाचली असती.'"

हे सांगताना त्याला हसू आलं, आणि सुजलेल्या तोंडावर ते जरा वेडंवाकडंच दिसलं. "असं बोलतं का कोणी बापाशी? तिच्या आईवर गेलीय." मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून तिच्याकडून मागून घेतलेले तपासणीचे तेच कागद काढले. घडीवर फाटायला आले होते. "हे कुठे द्यायचे आता?"

दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांना डिसेंबरमध्ये बोलावलं. तिथे फिर्यालच्या पोटाचे सगळे स्कॅन काढले. दोन्ही किडन्यांत खडे. डावीत तीन, उजवीत दोन, आणि उजवी जरा लहानही. डॉक्टर म्हणाले, आम्ही हिची घेणार नाही. हिला स्वतःलाच दोन्ही लागणार आहेत.

हे मला उम्म फिर्यालनं सांगितलं, वॉर्डाबाहेरच्या बाकावर, डोक्यावरचा काळा अबाया तोंडावर ओढून. फिर्याल रडली नाही म्हणे. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसली होती.

शनावा खुर्चीवर नेहमीसारखा हात पुढे करून बसला होता. मी सुई टोचली.

"मला बरं वाटलं, सिस्टर," तो म्हणाला. "तिला नको म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. आणि मग लाज वाटली. आणि मग भीती वाटली. खडे कशानं होतात?"

"पाणी कमी पडलं की. आणि हे असलं पाणी."

"पाणी का पीत नाही ती?"

ते त्यानं घरी जाऊन तिलाच विचारलं. शिवणकामाच्या कारखान्यात चाळीस बायकांना मिळून एक संडास होता, त्याला कडी नव्हती आणि आत पाणी नव्हतं. तिथे जावं लागू नये म्हणून सगळ्याच जणी सकाळी निघाल्यापासून संध्याकाळी घरी येईपर्यंत पाणी पीत नसत. सात वर्षं ती तिथे होती. घरात कुणाला ठाऊक नव्हतं, कारण असलं कोणी कुणाला सांगत नाही.

फिर्यालनं तो कारखाना सोडला. आता ती बागा छाटते. सुरुवातीला फक्त बापाची, मग शेजारच्या दोन. लोक बोलले, अजून बोलतात. एक लग्नाचं स्थळ त्यावरून फिरलं, एक अजून चौकशी करतंय. थंडीत नदीचं पाणी गोडं झालं, आमचे चार तास परत मिळाले. शनावाच्या साठ झाडांपैकी नऊ गेली, बाकीची आहेत.

त्याचं नाव किडनीच्या यादीत आहे. यादी लांब आहे आणि त्याचं वय वाढतंय. त्याबद्दल आम्ही बोलत नाही. यंत्र लागलं की तो दर तासाला मुलीला फोन करतो. "पाणी प्यायलीस? किती? पेला की घोट?" ती वैतागते, तिकडून तिचा आवाज मला ऐकू येतो. हा फोन ठेवतो आणि बर्फाचा खडा तोंडात टाकतो. कधी कधी तो मी आणून देते, मोजून एक.

गेल्या मंगळवारी त्याचे चार तास संपले तेव्हा तो झोपला होता. तोंड थोडं उघडं, डावा हात पसरलेला. रक्त परत देऊन झालं होतं, फक्त सुया काढायच्या होत्या. खुर्चीसाठी पुढचा माणूस बाहेर थांबला होता, हे मला माहीत होतं. मी स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी पाच मिनिटं बसले, कारण माझेही पाय दुखत होते. मग त्याला उठवलं.